जलतरण तलाव व्हॅक्यूम

जलतरण तलाव व्हॅक्यूम हे पोहण्याच्या तलावाच्या तळाशी, भिंतींवर व पायऱ्यांवर साचलेला गाळ, धूळ, पाने, शेवाळ व इतर कचरा तलाव रिकामा न करता बाहेर काढण्याचे साधन आहे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर हवेच्या प्रवाहाने धूळ ओढतो, तर हे साधन पाण्याच्या प्रवाहाने गाळ वाहून नेते. शोषलेले पाणी गाळणीतून (फिल्टर) जाऊन पुन्हा तलावात येते किंवा गाळासह थेट सांडपाण्यात सोडले जाते.

या साधनांचे चार मुख्य प्रकार आहेत: हाताने चालवायचा व्हॅक्यूम, शोषणावर चालणारा स्वयंचलित स्वच्छक, दाबावर चालणारा स्वयंचलित स्वच्छक आणि विजेवर चालणारा रोबोटिक स्वच्छक. पहिले तीन प्रकार सामान्यतः तलावाच्या अभिसरण यंत्रणेवर किंवा बाहेरील पाण्याच्या दाबावर अवलंबून असतात. रोबोटिक स्वच्छकात पंप व गाळणी दोन्ही यंत्रातच असतात.

## गरज

तलावातील पाणी पंपाच्या साहाय्याने सतत फिरवले व गाळले जात असले, तरी हे अभिसरण प्रामुख्याने पाण्यात तरंगणारे किंवा विरलेले कण पकडते. पाण्यापेक्षा जड कण तळाशी बसतात आणि तिथून ते आपोआप उठत नाहीत. पृष्ठभागावरील पाने व कीटक स्किमरमध्ये किंवा काठावरील पन्हाळीत वाहून जातात. मात्र भिजून बुडालेली पाने तळाशीच कुजतात.

तळाशी साचलेला सेंद्रिय गाळ तलावातील क्लोरीन खर्च करतो. त्यामुळे जंतूंचा नाश करण्यासाठी उपलब्ध असलेले मुक्त क्लोरीन कमी होते व शेवाळाची वाढ सोपी होते. शेवाळाच्या थरामुळे फरशी व पायऱ्या निसरड्या होतात.

गाळाचा सर्वांत गंभीर परिणाम दृश्यतेवर होतो. पोहणाऱ्यांच्या हालचालीने तळाचा गाळ ढवळला की पाणी गढूळ होते आणि तळाशी गेलेली व्यक्ती काठावरील जीवरक्षकाला दिसत नाही. बुडणारी व्यक्ती बहुधा हाका मारू शकत नाही, त्यामुळे जीवरक्षकाचे काम मुख्यतः नजरेवर चालते. याच कारणाने तळाच्या निचरा-छिद्रावरील जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर तलाव पोहण्यासाठी खुला ठेवू नये, असा सार्वजनिक तलावांच्या व्यवस्थापनातील प्रचलित नियम आहे.

## इतिहास

पाणी गाळण्याची व निर्जंतुक करण्याची यंत्रणा रूढ होण्यापूर्वी सार्वजनिक तलाव 'भरा आणि उपसा' या पद्धतीने चालवले जात. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, पाणी अस्वच्छ झाले की पूर्ण उपसून तळ घासायचा आणि पुन्हा भरायचा, असा तो क्रम होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाळूचे फिल्टर व क्लोरीनचा वापर वाढला आणि तेच पाणी दीर्घकाळ वापरणे शक्य झाले. पाणी बदलायचे नाही, तर तळाचा गाळ भरलेल्या तलावातूनच काढला पाहिजे, ही गरज त्यातून निर्माण झाली.

शोषणाने धूळ ओढून घेणारे यंत्र जमिनीवरील सफाईसाठी ब्रिटिश अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने १९०१ मध्ये तयार केले होते. पाण्याखालील सफाईत शोषणासाठी वेगळे यंत्र लागत नव्हते, कारण तलावाचा अभिसरण पंप आधीच बसवलेला असे. त्याला लवचीक नळी व सपाट तोंडाचे मुख जोडून हाताने चालवायचा व्हॅक्यूम तयार झाला. त्याची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे खासगी तलावांची संख्या वाढली आणि मनुष्याविना चालणाऱ्या स्वच्छकांना मागणी आली. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेला अभियंता फर्डिनांड शोव्हिए याने १९७४ मध्ये 'क्रीपी क्रॉली' हा शोषणावर चालणारा स्वयंचलित स्वच्छक विकसित केला. हे नाव पुढे इतके रूढ झाले की त्या देशात अशा कोणत्याही यंत्राला बोलीत तेच नाव लावले जाते. विजेवर चालणाऱ्या स्वच्छकांच्या क्षेत्रात इस्रायलमधील यिझ्रेल किबुत्झ येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली मेट्रॉनिक्स ही कंपनी 'डॉल्फिन' या यंत्रमालिकेमुळे ओळखली जाते.

## कार्यतत्त्व

### शोषण

बोलीभाषेत पंप पाणी 'ओढतो' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात अपकेंद्री पंपाचे पाते फिरू लागले की त्याच्या मध्यभागी दाब कमी होतो आणि तलावाच्या पृष्ठभागावरील वातावरणाचा दाब पाण्याला नळीतून त्या कमी दाबाकडे ढकलतो. हा फरक पाण्याने भरलेल्या अखंड नळीतूनच कार्य करतो. नळीत हवा शिरली तर हवा प्रसरण पावून दाबातील फरक शोषून घेते आणि प्रवाह मंदावतो किंवा थांबतो. व्हॅक्यूम सुरू करण्यापूर्वी नळी पाण्याने पूर्ण भरून घेतात, त्याचे कारण हेच आहे.

व्हॅक्यूमचे मुख तळापासून काही मिलिमीटर उंच राहील अशा रीतीने त्याला चाके किंवा ब्रश बसवलेले असतात. या अरुंद फटीतून पाणी आत शिरताना त्याचा वेग वाढतो आणि तो वेगवान प्रवाह गाळाचे कण उचलतो. मुख तळाला पूर्ण चिकटले तर प्रवाह बंद पडतो, फार उंच राहिले तर वेग कमी होऊन गाळ उचलला जात नाही. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटाला १५० लिटर पाणी वाहत असेल, तर नळीतील वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर असतो. वाळूचे कणही या वेगाने वाहून जातात.

### गाळाचे बसणे

कण जितका बारीक, तितका तो सावकाश तळाशी जातो. कणाचा व्यास निम्मा झाला तर बसण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) आकाराच्या मातीच्या कणाला १.५ मीटर खोल, स्थिर पाण्यात तळ गाठण्यास साधारण ४ ते ५ तास लागतात. म्हणून गढूळ तलावात पंप रात्रभर बंद ठेवून गाळ बसू देतात आणि पहाटे, कोणीही पाण्यात उतरण्यापूर्वी व्हॅक्यूम करतात. व्हॅक्यूमचे मुख घाईने फिरवल्यास गाळाचे ढग उठतात आणि पुन्हा तितकेच तास थांबावे लागते.

अतिसूक्ष्म कण लवकर बसावेत म्हणून तुरटीसारखी किलाटक द्रव्ये वापरली जातात. तुरटीमुळे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे पुंजके बनतात व तळाशी जातात. पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवण्याच्या घरगुती रिवाजामागेही हेच तत्त्व आहे.

### गाळण

शोषलेले पाणी प्रथम पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या टोपलीतून जाते. पाने, केस व खडे तिथे अडतात. त्यानंतर ते फिल्टरमध्ये जाते. वाळूचा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे, कार्ट्रिज फिल्टर १० ते २० मायक्रॉनपर्यंतचे, तर डायटमी मातीचा फिल्टर ३ ते ५ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवू शकतो. याहून बारीक गाळ फिल्टरमधून निसटून परतीच्या पाण्याबरोबर पुन्हा तलावात येतो.

## प्रकार

### हाताने चालवायचा व्हॅक्यूम

यात व्हॅक्यूम हेड, लांबी कमी-जास्त करता येणारा ॲल्युमिनियमचा दांडा आणि तरंगणारी वळ्यांची नळी असे तीन भाग असतात. नळीचे दुसरे टोक स्किमरला किंवा तलावाच्या भिंतीतील स्वतंत्र व्हॅक्यूम जोडणीला लावतात. काँक्रीट व फरशीच्या तलावांसाठी चाके असलेले वजनदार हेड वापरतात. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तलावांत चाकांनी अस्तर फाटू नये म्हणून ब्रश असलेले हलके हेड वापरतात. खर्च कमी, नियंत्रण पूर्ण आणि कानाकोपऱ्यांपर्यंत पोहोच हे याचे फायदे आहेत. वेळ व श्रम अधिक लागणे ही मर्यादा आहे.

याचाच एक साधा उपप्रकार बागेच्या नळीवर चालतो. नळीतील दाबयुक्त पाण्याचे फवारे यंत्राच्या मुखातून वरच्या दिशेने सोडले जातात. त्यांच्या ओघाबरोबर तळाचे पाणी व पाने वर खेचली जाऊन पिशवीत जमा होतात. पानांसाठी हे साधन उपयुक्त असले, तरी बारीक गाळ पिशवीच्या कापडातून बाहेर पडतो.

### शोषणावर चालणारा स्वयंचलित स्वच्छक

हा स्वच्छक नळीने स्किमर किंवा व्हॅक्यूम जोडणीला लावतात. शोषणाच्या प्रवाहातूनच त्याला हालचालीसाठी ऊर्जा मिळते. काही यंत्रांत प्रवाहात डोलणारी झडप किंवा रबरी पडदा नळीतील पाणी क्षणोक्षणी अडवतो व सोडतो. त्यातून निर्माण होणाऱ्या धक्क्यांनी यंत्र पुढे सरकते. इतर यंत्रांत पाण्याच्या प्रवाहाने लहान टर्बाइन फिरते आणि दंतचक्रांमार्फत चाके चालतात. यंत्राचा मार्ग बहुतांशी यादृच्छिक असतो, त्यामुळे संपूर्ण तळ स्वच्छ होण्यास काही तास लागतात.

### दाबावर चालणारा स्वयंचलित स्वच्छक

हा स्वच्छक फिल्टरमधून परत येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतो. अनेक यंत्रांसाठी जादा दाब देणारा स्वतंत्र बूस्टर पंप बसवावा लागतो. पाण्याचा फवारा वेंच्युरी तत्त्वाने तळाचा कचरा यंत्रावरील पिशवीत ओढतो. कचरा पंपाकडे जात नसल्याने मोठ्या पानांनी नळी तुंबण्याचा धोका कमी असतो. झाडांनी वेढलेल्या तलावांसाठी हा प्रकार सोयीचा ठरतो.

### रोबोटिक स्वच्छक

यात जलरोधक आवरणातील विजेच्या मोटारी, पंप, फिरते ब्रश व गाळणी यंत्रातच असतात. काठावर ठेवलेला वीजपुरवठा संच घरगुती विजेचे रूपांतर सुमारे २४ ते ३० व्होल्टच्या कमी दाबाच्या विजेत करतो आणि तरंगत्या केबलमधून ती यंत्राला पुरवतो. काही यंत्रे बॅटरीवर, केबलविना चालतात. यंत्राच्या तळाकडून आत घेतलेले पाणी गाळून वरच्या बाजूने जोराने बाहेर टाकले जाते. या फवाऱ्याच्या प्रतिक्रियेने यंत्र तळाला किंवा उभ्या भिंतीला दाबलेले राहते. दिशा राखण्यासाठी अनेक यंत्रांत गायरोस्कोप असतो. एक फेरी सामान्यतः २ ते ३ तासांची असते.

| प्रकार | ऊर्जेचा स्रोत | कचरा कोठे जातो | मुख्य मर्यादा |
|---|---|---|---|
| हातव्हॅक्यूम | तलावाचा पंप व मनुष्यबळ | फिल्टर किंवा सांडपाणी | श्रम व वेळ |
| शोषण-स्वच्छक | तलावाच्या पंपाचे शोषण | पंपाची टोपली व फिल्टर | पानांनी तुंबणे |
| दाब-स्वच्छक | परतीचे पाणी, बूस्टर पंप | यंत्रावरील पिशवी | बारीक गाळ निसटणे |
| रोबोटिक | कमी दाबाची वीज | यंत्रातील गाळणी | किंमत व दुरुस्ती |

## वापरण्याची पद्धत

हाताने चालवायच्या व्हॅक्यूमचा वापर सामान्यतः पुढील क्रमाने केला जातो.

# पृष्ठभागावरील कचरा जाळीने काढतात, भिंती व पायऱ्या ब्रशने घासतात आणि उठलेला गाळ बसू देतात.
# पंपाची टोपली रिकामी करतात व फिल्टरच्या दाबमापकावरील आकडा पाहून ठेवतात.
# हेड दांड्याला व नळीला जोडून तळाशी सोडतात.
# नळीचे मोकळे टोक परतीच्या पाण्याच्या तोंडाशी धरून नळी भरतात. हेडमधून बुडबुडे येणे थांबले की नळीतील हवा निघाली असे समजतात.
# ते टोक पाण्याबाहेर न काढता व्हॅक्यूम जोडणीला किंवा स्किमरला लावतात. नंतर इतर शोषण-झडपा आवश्यकतेनुसार कमी करून प्रवाह नळीकडे वळवतात.
# उथळ भागाकडून खोल भागाकडे, शेत नांगरल्याप्रमाणे समांतर पट्ट्यांत हेड सावकाश सरकवतात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलेला असतो.
# काम झाल्यावर पंप बंद करून नळी सोडवतात, व्हॅक्यूम जोडणीचे झाकण घट्ट बसवतात व झडपा पूर्ववत करतात.
# टोपली पुन्हा साफ करतात. फिल्टरचा दाब स्वच्छ स्थितीपेक्षा ०.५ ते ०.७ बारने वाढला असल्यास बॅकवॉश करतात, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टरमधील गाळ बाहेर काढतात.

### गाळ थेट सांडपाण्यात सोडणे

वाळूच्या फिल्टरवर बहुधा अनेक स्थितींची झडप (मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह) असते. तिच्या 'वेस्ट' स्थितीत पाणी फिल्टर टाळून थेट सांडपाण्यात जाते. मेलेले शेवाळ, तुरटीने बसवलेला गाळ किंवा पुराच्या पाण्याबरोबर आलेला चिखल असेल, तेव्हा ही स्थिती वापरतात, कारण असा गाळ फिल्टर लवकर तुंबवतो किंवा त्यातून निसटून परत तलावात येतो. झडपेची स्थिती बदलण्यापूर्वी पंप बंद करणे आवश्यक असते. चालू पंपावर झडप फिरवल्यास आतील रबरी गॅस्केट निकामी होते.

या पद्धतीत पाण्याची पातळी घटते. मिनिटाला १५० ते २०० लिटर प्रवाह असल्यास दहा मिनिटांत १,५०० ते २,००० लिटर पाणी बाहेर जाते. पातळी स्किमरच्या तोंडाखाली गेली तर पंप हवा ओढू लागतो आणि कोरडा चालल्याने त्याचे सील जळू शकते. म्हणून आधी पातळी थोडी वाढवून घेतात व काम टप्प्यांत करतात.

## सामान्य अडचणी

शोषण कमी असल्यास प्रथम पंपाची टोपली, फिल्टरचा दाब व नळीतील गळती तपासतात. परतीच्या पाण्यातून सतत बुडबुडे येत असतील, तर शोषणाच्या बाजूने कुठेतरी हवा शिरत आहे असे समजतात. नळीची जोडणी, पंपाच्या झाकणाचे रबरी कडे आणि तलावातील पाण्याची पातळी ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. फिल्टरमधून गाळ परत येत असल्यास वाळूत प्रवाहाच्या वाटा पडलेल्या असू शकतात किंवा झडपेचे गॅस्केट खराब झालेले असू शकते.

व्हॅक्यूमने सर्व घाण काढता येत नाही. फरशीला घट्ट चिकटलेले शेवाळ आधी घासून सोडवावे लागते. क्षारांचे पांढरे थर व लोहाचे डाग यांवर रासायनिक उपाय करावे लागतात. काच फुटून पाण्यात पडल्यास पारदर्शक तुकडे पाण्यात दिसत नाहीत, त्यामुळे व्हॅक्यूमवर विसंबून न राहता अनेकदा तलाव रिकामा करावा लागतो.

## सुरक्षितता

### शोषणात अडकण्याचा धोका

शोषण-छिद्र शरीराने पूर्ण झाकले गेल्यास त्यावर पडणारा दाब मोठा असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या छिद्रामागे वातावरणाच्या निम्मा दाब कमी झाला, तर शरीर धरून ठेवणारे बल सुमारे १६० किलोग्रॅम वजनाइतके असते. ते बल प्रौढ व्यक्तीलाही हाताने तोडता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रॅम बेकर या सात वर्षांच्या मुलीचा अशा प्रकारे मृत्यू झाला. तिच्या नावाने २००७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने तेथील सार्वजनिक तलावांत अडकण्यास प्रतिबंध करणारी निचरा-झाकणे बंधनकारक केली.

व्हॅक्यूम करताना इतर झडपा बंद केलेल्या असल्याने सर्व शोषण एकाच जोडणीवर एकवटते. हे छिद्र लहान असले, तरी त्यात केस, बोटे किंवा पोहण्याचे कपडे ओढले जाऊ शकतात. त्यामुळे व्हॅक्यूम चालू असताना कोणालाही पाण्यात उतरू दिले जात नाही आणि वापरानंतर जोडणीचे झाकण लावणे हा कामाचाच भाग मानला जातो. आपोआप बंद होणारी स्प्रिंगची झाकणे यासाठी अधिक सुरक्षित असतात.

### वीज

रोबोटिक स्वच्छकाचा वीजपुरवठा संच काठापासून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, सामान्यतः ३ मीटर किंवा अधिक दूर, सावलीत व कोरड्या जागी ठेवतात. तो गळतीप्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचमार्फतच जोडला जातो. यंत्र पाण्याबाहेर चालवल्यास पंपाचे सील तापून खराब होतात. धातूचा दांडा उचलताना वरून जाणाऱ्या वीजतारांचे भान ठेवणे आवश्यक असते.

### आरोग्य

तलावात विष्ठा आढळल्यास ती व्हॅक्यूमने ओढणे टाळले जाते, कारण नळी व यंत्र आतून पुरेसे निर्जंतुक करणे कठीण असते. अशा वेळी तलाव रिकामा करवून विष्ठा जाळीने किंवा पात्राने काढतात आणि क्लोरीनची मात्रा वाढवून ठरावीक काळ तलाव बंद ठेवतात. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनला दाद देत नसल्याने या प्रकारात विशेष दक्षता घ्यावी लागते.

## पाण्याची बचत

व्हॅक्यूमचे महत्त्व पाण्याच्या हिशेबात स्पष्ट होते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी १.५ मीटर खोल अशा लहान तलावात ७५,००० लिटर पाणी मावते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल तलावात हा आकडा २५ लाख लिटर होतो. तळ साफ करण्यासाठी हे पाणी सोडून देण्याऐवजी फिल्टरमार्फत व्हॅक्यूम केल्यास केवळ बॅकवॉशपुरते, लहान तलावात काही शे लिटर, पाणी खर्च होते. रोबोटिक स्वच्छकाची गाळणी नळाखाली धुता येत असल्याने तो खर्च आणखी कमी होतो. उन्हाळ्यात पाणीटंचाई असणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण पोहण्याची गर्दी व टंचाई एकाच हंगामात येतात.

तलाव वारंवार रिकामा करणे बांधकामासाठीही हितावह नसते. भूजलाची पातळी उंच असताना, विशेषतः पावसाळ्यात, रिकाम्या तलावाच्या कवचावर खालून दाब येतो. आत त्याला तोलणारे पाणी नसल्याने तळाला तडे जाऊ शकतात किंवा संपूर्ण कवच वर उचलले जाऊ शकते.

भारतात जलतरण तलावांतील पाण्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३३२८ हे मानक आहे. व्हॅक्यूममुळे गढूळपणा व सेंद्रिय भार कमी होतो. मात्र ते निर्जंतुकीकरणाला पर्याय ठरत नाही. क्लोरीनची मात्रा, पाण्याचा सामू व गाळण यांची नियमित तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

## हे सुद्धा पहा

* जलतरण
* जलतरण तलाव
* अपकेंद्री पंप
* जलशुद्धीकरण
* तुरटी
* व्हॅक्यूम क्लीनर